एएमक्यूपी १.० साठी क्लायंट लायब्ररी निवडताना: ब्रोकर बदलला तरी कोड टिकेल का?

आडवाटेचा_प्रवासी (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्याकडे गोदामांच्या आवक-जावकीची एक जुनी प्रणाली आहे. ती जावामध्ये लिहिलेली असून कंपनीच्याच सर्व्हरवरील ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस या ब्रोकरशी (मेसेज घेऊन रांगेत ठेवणाऱ्या आणि पुढे देणाऱ्या सर्व्हरशी) बोलते. नव्या ग्राहकाची सगळी यंत्रणा ॲझ्युर सर्व्हिस बस या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील ब्रोकरवर आहे आणि पुढेमागे आमचाही ब्रोकर बदलून रॅबिटएमक्यू आणावा, अशी चर्चा वरिष्ठांमध्ये चालू आहे. हे तिन्ही ब्रोकर एएमक्यूपी १.० हा मेसेजांच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल बोलतात. म्हणून कोणत्याही एका ब्रोकरचा खास एसडीके (त्याच्या निर्मात्याची तयार लायब्ररी) न घेता केवळ प्रोटोकॉल जाणणारी लायब्ररी घ्यावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे. जावाखेरीज पायथनमधील काही सेवा आणि नोडजेएसवर चालणारा एक डॅशबोर्डही आमच्याकडे आहे.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. तिन्ही भाषांसाठी कोणत्या लायब्रऱ्या घ्याव्यात, हा पहिला प्रश्न. ब्रोकर बदलल्यावर कोडला हात लावावा लागणार नाही, ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हा दुसरा. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

पाणकावळा
लायब्ररीकडे वळण्याआधी एक खबरदारी घ्यावी. एएमक्यूपी या नावाखाली दोन वेगळे प्रोटोकॉल वावरतात. २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेसमध्ये जॉन ओ'हारा यांनी सुरू केलेल्या कामातून जी मालिका पुढे आली, तिच्यातील ०-९-१ ही आवृत्ती २००८ ची. रॅबिटएमक्यू वाढला तो तिच्यावर. १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये ओएसिसचे मानक झाली आणि २०१४ मध्ये आयएसओ/आयईसी १९४६४ म्हणून मान्य झाली. ०-९-१ मध्ये एक्स्चेंज (मेसेज वाटणारे केंद्र), क्यू (रांग) आणि बाइंडिंग (त्या दोघांना जोडणारा नियम) हे प्रोटोकॉलचाच भाग आहेत, तर १.० ब्रोकरच्या अंतर्गत रचनेबद्दल काहीही गृहीत धरत नाही. त्यामुळे एकीची लायब्ररी दुसरीला चालत नाही.

गोंधळ होतो तो दोन्हींचे पोर्ट एकच असल्यामुळे: साधे ५६७२ आणि टीएलएसचे ५६७१. कनेक्शन उघडताच पाठवल्या जाणाऱ्या पहिल्या आठ बाइट्समध्ये एएमक्यूपी या चार अक्षरांनंतर ०, ०, ९, १ आले की जुना प्रोटोकॉल. ०, १, ०, ० किंवा सास्लसाठीचे (ओळख पटवण्याच्या टप्प्यासाठीचे) ३, १, ०, ० आले की नवा. पायथनची पिका, नोडची एएमक्यूपीलिब आणि वर्षानुवर्षे वापरात असलेले स्प्रिंग एएमक्यूपी ही मंडळी मूळची ०-९-१ ची आहेत. इंटरनेटवर नुसते "एएमक्यूपी क्लायंट" शोधले, तर आधी हीच हाती लागतात.

शेवगा
थोडक्यात, आडनाव एक पण सातबारा वेगळा.

मुळाकाठ
जावासाठी फारसा विचार करू नये. अपाची क्युपिड जेएमएस घ्यावी. तुमचा जुना कोड जेएमएसवर (जावाच्या मेसेजिंग एपीआयवर) असेल, तर कनेक्शन फॅक्टरीचा वर्ग आणि यूआरआय बदलणे एवढेच मुख्य काम उरेल. मात्र तिच्या दोन शाखांमधील फरक पाहून घ्या. १.x ही मालिका जुन्या जावाएक्स नामावकाशाची आहे आणि २.x ही जकार्ता मेसेजिंगची. स्प्रिंग बूट ३ असेल, तर दुसरीच लागेल. एकाहून अधिक ब्रोकरचे पत्ते देऊन आपोआप पुन्हा जोडणी करणारी फेलओव्हर यूआरआय तिच्यात आहे आणि ती व्यवस्थित चालते.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. क्युपिड जेएमएसचे प्रीफेच (आधीच ओढून ठेवायच्या मेसेजांची संख्या) मूळ स्थितीत १००० असते. आर्टेमिससमोर ते सहसा खपून जाते. सर्व्हिस बसवर मात्र पीक-लॉक पद्धतीत वाचायला दिलेल्या प्रत्येक मेसेजला ठरावीक मुदतीचे कुलूप असते, म्हणजे तेवढा वेळ तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही; मूळ मुदत एक मिनिट आणि जास्तीत जास्त पाच मिनिटे. तुमच्या क्लायंटने शेकडो मेसेज आपल्या बफरमध्ये ओढून घेतले आणि प्रत्येकाच्या प्रक्रियेला अर्धा सेकंद लागत असेल, तर मागच्या मेसेजांची कुलपे त्यांची पाळी येण्याआधीच सुटतात. ते मेसेज पुन्हा दिले जातात, प्रत्येक वेळी डिलिव्हरी काउंट वाढतो आणि मूळ मर्यादा १० असल्यामुळे एकही खरी चूक नसलेले मेसेज डेड-लेटर रांगेत (न पोहोचवता आलेल्या मेसेजांच्या रांगेत) जाऊन बसतात. लॉगमध्ये अपवाद शोधत बसलेल्या माणसाला तिथे काहीच सापडत नाही. म्हणून प्रीफेचचा आकडा कोडमध्ये न ठेवता यूआरआयमध्ये ठेवा आणि प्रत्येक ब्रोकरसाठी तो वेगळा ठरवा.

कोकणकडा
मी या प्रस्तावाशी सहमत नाही. सर्व्हिस बससाठी मायक्रोसॉफ्टचाच एसडीके वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे अशी. ॲक्सेस पॉलिसीचे नाव आणि किल्ली सास्ल प्लेनमधून पाठवून साध्या लायब्ररीनेही आत शिरता येते हे खरे; पण एंट्रा आयडीचे (मायक्रोसॉफ्टच्या ओळख-पडताळणी सेवेचे) टोकन वापरायचे असेल, तर ब्रोकरमधील सीबीएस नावाच्या खास नोडवर टोकन पाठवण्याची आणि मुदत संपण्याआधी ते बदलण्याची यंत्रणा लागते. कुलपाची मुदत वाढवण्यासाठी मॅनेजमेंट नोडशी विनंती-प्रतिसादाचा वेगळा संवाद करावा लागतो. दहा मिनिटे वापर न झालेली लिंक (रांगेशी जोडलेली एकतर्फी वाहिनी) सर्व्हिस बस स्वतःहून तोडून टाकते. एसडीके हे सगळे आतल्या आत हाताळतो. तटस्थतेच्या हट्टापायी तेच काम आपण हाताने लिहिले, तर तो कोड सर्व्हिस बसलाच बांधलेला असेल, फक्त त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टऐवजी आपल्या गळ्यात पडेल.

पाणकावळा
@कोकणकडा, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. त्या एसडीकेंच्या पोटात याच तटस्थ लायब्रऱ्या आहेत. जावाच्या एसडीकेत प्रोटॉन-जे आहे, जावास्क्रिप्टच्या एसडीकेत ऱ्हीआ आहे आणि गोच्या एसडीकेत गो-एएमक्यूपी आहे. म्हणजे निवड तटस्थ की खास अशी नसून, खास भाग कोणत्या थरात ठेवायचा एवढीच आहे.

आणि एसडीके घेतला म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. सर्व्हिस बसच्या जुन्या पिढीतील लायब्रऱ्या आणि त्यांचा एसबीएमपी हा खासगी प्रोटोकॉल ३० सप्टेंबर २०२६ रोजी निवृत्त करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे. ज्यांचा कोड त्या लायब्रऱ्यांच्या वर्गांनी भरलेला आहे त्यांना तो बदलावाच लागणार. एएमक्यूपी १.० चे मानक मात्र २०१२ पासून जिथल्या तिथे आहे.

हुरडा_पार्टी
सरळ काफ्का घ्या की. एवढी चर्चा कशाला?

मुळाकाठ
@हुरडा_पार्टी, काफ्काचा प्रोटोकॉल काफ्काचाच आहे आणि ग्राहकाची यंत्रणा सर्व्हिस बसवर आहे. धागाकर्त्याचा प्रश्न समोरच्याशी बोलण्याचा आहे, आपल्या आवडीचा नाही.

कालव्याकाठी
मी नेदरलँड्समध्ये विमान वाहतुकीशी संबंधित माहिती प्रणालींवर काम करतो. समोरच्या बाजूला कोणता ब्रोकर आहे हे विचारायचेच नाही, अशी परिस्थिती आमच्याकडे नेहमीची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युरोपमध्ये हवाई वाहतुकीच्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी स्विम नावाची चौकट आहे. तिच्या यलो प्रोफाइलमध्ये एएमक्यूपी १.० चा समावेश आहे आणि युरोकंट्रोलच्या नेटवर्क मॅनेजरची बीटूबी सेवा आपल्या सदस्यांना उड्डाणांविषयीचे मेसेज याच प्रोटोकॉलवरून देते. वेब सेवेद्वारे वर्गणी नोंदवली की तुम्हाला रांगेचे नाव मिळते. त्या रांगेतून वाचणे एवढेच तुमचे काम. रांग तयार करणे, बाइंडिंग जोडणे, ब्रोकरच्या कन्सोलमध्ये डोकावणे यांपैकी काहीही तुमच्या हातात नसते. रस्ते वाहतुकीत सी-रोड्स या युरोपीय उपक्रमानेही देशादेशांमधील वाहन-सूचनांच्या देवाणघेवाणीसाठी एएमक्यूपी १.० च निवडला आहे. ब्रोकर-तटस्थता ही तिथे चैन नसून गरज आहे, कारण प्रत्येक संस्था आपापला ब्रोकर वापरते.

अशा ठिकाणी लायब्ररी पारखताना मी काय पाहतो ते सांगतो. क्लायंट प्रमाणपत्रासह टीएलएस आणि सास्ल एक्स्टर्नल तिला नीट येते का? समोरच्याने जाहीर केलेला आयडल टाइमआउट वाचून ती वेळेत रिकामी फ्रेम पाठवते का, की तो भार आपल्यावर टाकते? लिंकचे क्रेडिट (आणखी किती मेसेज पाठवावेत याची परवानगी) आपल्याला स्वतः देता येते का? प्रत्येक डिलिव्हरीवर ॲक्सेप्टेड, रिजेक्टेड, रिलीज्ड आणि मॉडिफाइड यांपैकी नेमका निकाल आपल्याला निवडता येतो का, की केवळ "पोच दिली" एवढीच एक पद्धत तिच्यात आहे? आणि समोरच्याने लिंक तोडली, तर तोडण्याचे कारण, म्हणजे एरर कंडिशन, आपल्यापर्यंत पोहोचते का? यातील शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच सुबक दिसणाऱ्या लायब्रऱ्या नापास होतात. त्या "कनेक्शन बंद झाले" एवढेच सांगतात, आणि परवानगी नाकारली गेली की रांगच अस्तित्वात नव्हती, हे कळायला मार्ग राहत नाही.

धागेदोरे
पायथनबद्दल लिहितो. इथे मुख्य पर्याय क्युपिड प्रोटॉनचाच आहे. ती सी भाषेतील लायब्ररी असून वर पायथनचा थर आहे. पिपने स्थापना करताना ती त्या यंत्रावर संकलित होत असेल, तर ओपनएसएसएलच्या विकास फाइली आधी असणे आवश्यक आहे. त्या नसल्या, तर स्थापना निर्विघ्न पार पडते आणि टीएलएसची सोय मात्र आत येत नाही. हे कळते ते ५६७१ वर जोडणी करायला गेल्यावर. त्यामुळे कंटेनरची प्रतिमा बांधतानाच एसएसएल उपलब्ध आहे का, याची तपासणी करणारी एक ओळ घालून ठेवावी.

दुसरी गोष्ट तिच्या स्वभावाची. प्रोटॉन घटनाधारित आहे. हँडलरमध्ये तुम्ही पद्धती लिहिता आणि प्रोटॉनचा स्वतःचा कंटेनर (घटनांचे चक्र चालवणारी वस्तू) त्या हाक मारून चालवतो. हँडलरच्या आत डेटाबेसची संथ क्वेरी चालवली, तर हार्टबीटही (जोडणी जिवंत असल्याचे संकेत) थांबतात आणि समोरचा ब्रोकर कनेक्शन तोडतो. संथ काम वेगळ्या थ्रेडकडे द्यावे, पण प्रोटॉनच्या वस्तूंना त्या थ्रेडमधून हात लावू नये. निकाल परत कंटेनरच्या थ्रेडवर आणून तिथेच पोच द्यावी. शिवाय मूळ स्थितीत हँडलर मेसेजची पोच स्वतःहून देतो. प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच पोच जावी असे वाटत असेल, तर ते स्वयंचलित वर्तन आधी बंद करावे लागते. सोपा ब्लॉकिंग प्रकारही तिच्यात आहे. तो छोट्या स्क्रिप्टांना ठीक, कायम चालणाऱ्या सेवांना मी तो वापरणार नाही.

रानमेवा
नोडसाठी ऱ्हीआ. प्रोटॉनच्याच विचाराने पण शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे संकलनाची भानगड नाही. हिचेही मूळ क्रेडिट १००० आणि पोच आपोआप जाते, म्हणून @मुळाकाठ यांनी लिहिलेला कुलपांचा धोका इथेही लागू आहे. क्रेडिट विंडो शून्य करून आपण तयार असू तेवढेच क्रेडिट हाताने देणे, हा माझ्या मते डॅशबोर्डसाठी योग्य मार्ग आहे.

आडवाटेचा_प्रवासी
सर्वांचे आभार. लायब्रऱ्यांचे चित्र बरेच स्पष्ट झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून अधांतरी आहे. आर्टेमिससाठी लिहिलेला कोड केवळ यूआरआय बदलून रॅबिटएमक्यूवर चालेल का?

पाणकावळा
नाही. पहिली ठेच पत्त्यावर लागेल.

प्रोटोकॉलच्या दृष्टीने सोर्स आणि टार्गेटमधील ॲड्रेस ही केवळ एक अक्षरमाला आहे. तिचा अर्थ लावणे ब्रोकरचे काम. आर्टेमिसला रांगेचे साधे नाव पुरते, आणि तिथे रांग अभिप्रेत आहे की टॉपिक, हे लिंकसोबत येणाऱ्या कॅपॅबिलिटीवरून किंवा ब्रोकरच्या सेटिंगवरून ठरते. सर्व्हिस बसमध्ये टॉपिकची वर्गणी वाचायची असेल, तर टॉपिकचे नाव, मग सबस्क्रिप्शन्स, मग वर्गणीचे नाव, अशी वाट लिहावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या रॅबिटएमक्यू ४.० पासून १.० हा प्लगिनचा विषय न राहता ब्रोकरचा मूळ प्रोटोकॉल झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथल्या नव्या पद्धतीत पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो, पुढे क्यूज हा शब्द आणि मग रांगेचे नाव येते. एक्स्चेंजकडे पाठवायचे असेल, तर त्याचे नाव आणि राउटिंग की त्याच पत्त्यात लिहावी लागते. नावांमधील विशेष चिन्हे टक्के-चिन्हाच्या सांकेतिक रूपात द्यावी लागतात, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा कोडमध्ये कुठेही पत्ता थेट लिहू नये. "आवक", "जावक" अशी आपली तार्किक नावे ठेवावीत आणि त्यांचे खरे पत्ते बाहेरच्या संरचना फाइलमधून यावेत.

कोकणकडा
पत्ते ही सोपी बाब झाली. निकालांचे अर्थही सारखे नाहीत. रॅबिटएमक्यू ४.० च्या कोरम रांगेत (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या रांगेत) डिलिव्हरीची मूळ मर्यादा २० आहे, आर्टेमिसमध्ये आणि सर्व्हिस बसमध्ये १०. काही वेळाने पोहोचवायचा मेसेज सर्व्हिस बसला एका ॲनोटेशनने (मेसेजला जोडलेल्या टिपणीने) सांगावा लागतो, आर्टेमिसला वेगळ्या नावाच्या ॲनोटेशनने, आणि रॅबिटएमक्यूच्या गाभ्यात ती सोयच नाही. एवढे सगळे ब्रोकरपरत्वे बदलणार असेल, तर तटस्थ म्हणून नेमके उरले काय?

कालव्याकाठी
@कोकणकडा, बरेच काही उरते. डेटाचे प्रकार, मेसेजची रचना, हेडर-प्रॉपर्टीज-बॉडी यांचे विभाग, क्रेडिटने चालणारे प्रवाह-नियंत्रण, पोच देण्या-घेण्याची पद्धत आणि सुरक्षेची हातमिळवणी, एवढे तारेवर सगळीकडे सारखे असते. यातील प्रत्येक गोष्ट जेएमएसच्या काळात ब्रोकरगणिक वेगळी होती. जेएमएस ही फक्त एपीआय आहे. एका ब्रोकरचा जेएमएस जार दुसऱ्या ब्रोकरशी बोलत नसे आणि जावाबाहेरच्यांना तर तिथे प्रवेशच नव्हता.

शिवाय प्रमाणित प्रॉपर्टींचा पुरेपूर वापर केला, तर फरक आणखी कमी होतात. मेसेजांचे गट करण्यासाठी ग्रुप-आयडी ही प्रॉपर्टी मानकातच आहे. सर्व्हिस बसचे सेशन तिच्यावर चालतात आणि आर्टेमिसचे मेसेज-गटही. उलट विलंबित मेसेजसारख्या गोष्टींची गरज व्यवसायाला खरोखर आहे का, ते आधी विचारावे. बहुतेक वेळा ती वेळापत्रक सांभाळणाऱ्या सेवेची जबाबदारी असते आणि ब्रोकरवर सोयीने ढकललेली असते.

टाकीवरची_घार
रॅबिटएमक्यूच्या चमूने ४.x साठी स्वतःचे १.० क्लायंट काढले आहेत. ते दिसायला फार सुटसुटीत आहेत. जावाचा प्रोटॉन-जे२ वर, डॉटनेटचा एएमक्यूपी डॉटनेट लाइटवर, गोचा गो-एएमक्यूपीवर आणि पायथनचा प्रोटॉनवर आधारलेला आहे. ते का घेऊ नयेत?

मुळाकाठ
केवळ रॅबिटएमक्यूच वापरणार असाल, तर अवश्य घ्यावेत. त्यांच्यात एक्स्चेंज आणि रांगा तयार करण्याच्या सोयी आहेत, आणि त्या मानकाचा भाग नसून रॅबिटएमक्यूच्या स्वतःच्या आहेत. धागाकर्त्याला सर्व्हिस बसशीही बोलायचे आहे, तिथे त्यांचा उपयोग नाही. रांगा तयार करणे हे काम ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये असूच नये; टेराफॉर्म (फाइलमधील वर्णनावरून यंत्रणा उभारणारे साधन) किंवा ब्रोकरची संरचना फाइल यांच्याकडे ते सोपवावे. हे एक पथ्य पाळले, तर लायब्ररीची निवड अर्धी सोपी होते.

धागेदोरे
चाचणीबद्दल कोणीच लिहिले नाही. आर्टेमिस आणि रॅबिटएमक्यू कंटेनरमध्ये चालतात, सर्व्हिस बसचाही स्थानिक एम्युलेटर मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये उपलब्ध करून दिला. एकच चाचणीसंच तिघांवर चालवावा, आणि त्यात सगळे सुरळीत असतानाच्या चाचण्या कमी, मोडतोडीच्या जास्त असाव्यात: मेसेज पाठवला पण पोच येण्याआधी कनेक्शन तोडले, मेसेज घेतला पण निकाल कळवण्याआधी प्रक्रिया मारली, रांग नसताना लिंक उघडली, क्रेडिट न देता पाठवणाऱ्याला ताटकळत ठेवले. लायब्रऱ्यांचा खरा स्वभाव इथे कळतो. कनेक्शन आपोआप परत जोडले जाते, पण पोच न आलेले मेसेज पुन्हा पाठवण्याची जबाबदारी प्रोटॉनच्या पायथन थरात तुमचीच राहते.

अडचण आली, तर फ्रेम पाहाव्यात. प्रोटॉनमध्ये पर्यावरण चलाने, ऱ्हीआमध्ये डीबग चलाने आणि क्युपिड जेएमएसमध्ये यूआरआयमधील ट्रेसफ्रेम्स या पर्यायाने प्रत्येक फ्रेम लॉगमध्ये दिसते. ओपन, बिगिन, अटॅच, फ्लो, ट्रान्सफर, डिस्पोझिशन हा क्रम वाचता येऊ लागला की चूक क्लायंटची आहे की ब्रोकरची, यावरचा वाद लवकर मिटतो.

शेवगा
आमच्याकडे हा वाद फ्रेम पाहून मिटत नाही, कोणाचा मॅनेजर बैठकीला आधी पोहोचतो त्यावर मिटतो.

आडवाटेचा_प्रवासी
चर्चेवरून मी असे ठरवले आहे. जावासाठी क्युपिड जेएमएस, पायथनसाठी प्रोटॉन, नोडसाठी ऱ्हीआ. पत्ते, प्रीफेच आणि फेलओव्हर हे संरचनेत. रांगांची निर्मिती कोडबाहेर. ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने किल्लीऐवजी एंट्रा आयडीचाच आग्रह धरला आहे, म्हणून सर्व्हिस बसच्या कडेला @कोकणकडा यांच्या म्हणण्याप्रमाणे एसडीके वापरणारी एकच छोटी सेवा ठेवतो, जी तिकडचे मेसेज आमच्या ब्रोकरवर आणेल आणि इकडचे तिकडे नेईल. बाकीच्या कोणत्याही सेवेला सर्व्हिस बसचे नावही माहीत नसेल.

एक शंका उरली. आमचा जुना जावा कोड जेएमएसचे ट्रान्झॅक्टेड सेशन वापरतो: एका रांगेतून वाचून दोन रांगांत लिहिणे एकाच व्यवहारात होते. हे रॅबिटएमक्यूवर चालेल का?

पाणकावळा
चालणार नाही. एएमक्यूपी १.० च्या मानकात व्यवहारांची तरतूद आहे आणि आर्टेमिस ती पाळतो, पण रॅबिटएमक्यू ४ मध्ये १.० वरील व्यवहारांना आधार नाही. ब्रोकर बदलण्याची चर्चा खरी असेल, तर हा कोड आत्ताच, आर्टेमिसवर असतानाच बदलून घ्या. आधी दोन्ही रांगांत लिहावे, दोन्हींची पोच येऊ द्यावी, आणि मगच मूळ मेसेज ॲक्सेप्टेड करावा. मधे काही तुटले, तर मूळ मेसेज पुन्हा येईल आणि दुहेरी लेखन होईल. त्यासाठी मूळ मेसेजच्या आयडीवरून नव्या मेसेजचा आयडी ठरवावा आणि वाचणाऱ्या बाजूने पाहिलेले आयडी डेटाबेसमध्ये नोंदवून पुन्हा आलेले टाकून द्यावेत.

कोकणकडा
दुहेरी मेसेज ओळखण्याची सोय सर्व्हिस बसमध्ये मेसेज-आयडीवर आणि आर्टेमिसमध्ये एका खास प्रॉपर्टीवर आहे, पण त्यांवर विसंबू नका. दोघांच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि दोन्हींना मर्यादा आहेत. डेटाबेसमधील नोंद तिन्हीकडे सारखी चालते. आणि ती कडेची सेवा लिहाल, तेव्हा ग्रुप-आयडी तिच्यातून जसाच्या तसा पुढे जातो आहे ना, ते आधी तपासा. एसडीके त्याला सेशन-आयडी म्हणतो आणि रूपांतराच्या कोडमध्ये तो सहज गळतो.

आडवाटेचा_प्रवासी
तपासतो. रूपांतराच्या चाचणीत ग्रुप-आयडीसोबत कोरिलेशन-आयडी आणि रिप्लाय-टू हेही घालतो. रिप्लाय-टूमध्ये मात्र ब्रोकरचा पत्ता जातो, तेव्हा तो जसाच्या तसा पुढे पाठवून चालणार नाही. तिथे आमचे तार्किक नाव पाठवून दोन्ही कडांना ते उलगडावे लागेल.